आगीचा अदमास

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यातून आत शिरल्यावर, जेथे एके काळी पेशव्यांचे दरबार भरले आणि जेथून अटकेपर्यंतच्या मोहिमांचे हुकूम सुटले, तेथे आज हिरवळीच्या मधोमध जी दगडी जोती, हौद आणि पायऱ्या तेवढ्या शिल्लक दिसतात, त्यांच्याकडे इतिहासाचा अभ्यासक एका दृष्टीने पाहतो आणि बंबावर उभी हयात काढलेला मनुष्य अगदी निराळ्या दृष्टीने पाहतो, हे मला गेल्या फाल्गुनात प्रथम उमगले. माझ्यासोबत अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक तांडेल होते. तांडेल हा शब्द मूळचा गलबतावरचा. पण आमच्याकडील अग्निशमन दलांत फायरमनच्या वरच्या हुद्द्याला आजही तोच शब्द चालतो, आणि पोलिसाला जसे आम्ही पुणेकर मामा म्हणतो तसे या गृहस्थांना आमच्या पेठेत सारेच तांडेलमामा म्हणतात. नाव छापायचे नाही, या त्यांच्या अटीवर हा लेख लिहिला आहे.

"दगड राहिला, लाकूड गेलं," जोत्यावर हात ठेवून मामा म्हणाले. "आमच्या भाषेत सांगायचं तर वाड्याचा फायर लोड सगळा वर होता."

वाडा 1732 साली राहता झाला आणि 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहून त्याचे वरचे सारे लाकूडकाम घेऊन गेली. पुढे 1879 च्या मे महिन्यात बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्यालाही झळ पोहोचली. म्हणजे अर्ध्या शतकाच्या अंतराने त्याच शहरात, तशाच बांधणीच्या वास्तूंवर तोच प्रसंग ओढवला. मामा ज्याला फायर लोड म्हणाले तो काही गूढ पदार्थ नव्हे. एखाद्या खोलीत जे जे जळू शकेल त्या साऱ्याचे वजन करावे, प्रत्येक वस्तू जळताना किती उष्णता देईल ते मांडावे आणि आलेल्या बेरजेला खोलीच्या क्षेत्रफळाने भागावे, एवढाच तो हिशेब आहे. भारतीय मानकांत चौरस मीटरला 2,75,000 किलोकॅलरीपर्यंतचा भार हलका, त्याच्या दुपटीपर्यंतचा मध्यम आणि चौपटीपर्यंतचा भारी असा धरला जातो. लाकडाच्या भाषेत सांगायचे तर पहिली मर्यादा चौरस मीटरला साठ-बासष्ट किलोंवर संपते. ज्या वाड्यात खांब, तुळया, तख्तपोशी, जिने आणि कठडे सारेच सागवानी, त्याने ही मर्यादा कधीच मागे टाकली असणार, हे सांगायला गणित्याची आवश्यकता नाही. परंतु आपल्या घरांत आता सागवान उरले नाही म्हणून भार उतरला, असे मानणाऱ्यांसाठी मामांनी एक आकडा हातावर ठेवला: एक किलो थर्माकोल जळताना एक किलो लाकडाच्या दुपटीहून अधिक उष्णता देतो, आणि वर काळाकुट्ट धूर देतो तो निराळाच.

जोखीम हा आपल्या भाषेतला मोठा अर्थवाही शब्द आहे. धोका हा शब्द केवळ भय दाखवतो. जोखमीत भयाबरोबर मोलही आहे. जुन्या सावकारीत 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार असे. माल गलबतावर चढायचा, हुंडी लिहिली जायची, आणि माल सुखरूप बंदरात पोहोचला तरच तिचे पैसे द्यावे लागत. गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. म्हणजे संकट येण्याचा संभव किती आणि आले तर नुकसान किती, या दोहोंचा गुणाकार आमचे सराफ विमा कंपन्यांच्या कितीतरी आधी मनातल्या मनात करीत आणि त्याप्रमाणे हुंडीचा भाव ठरवीत. आगीच्या जोखमीचे आजचे शास्त्र याच गुणाकाराचे अधिक बारीक रूप आहे. फरक इतकाच की येथे तिसरे एक परिमाण येते, आणि मामांचा सारा भर त्या तिसऱ्यावरच होता. ते परिमाण म्हणजे वेळ.

त्याची ओळख त्यांनी मला कसबा पेठेतल्या एका वाड्यात करून दिली. वाडा अजून पडलेला नाही, म्हणून उभा आहे, इतकेच त्याच्याविषयी म्हणता येईल. दिंडी दरवाज्यातून आत गेले की डाव्या हाताच्या ओसरीत प्लास्टिकच्या बादल्या, टोपल्या आणि खेळण्यांचे गोदाम. उजव्या हाताला विजेच्या मीटरांची पाटी, तिच्यावर तारांचे जंजाळ. आणि या दोहोंच्या मधून, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने मागे सरावे लागेल असा, काळोखात वर चढणारा लाकडी जिना. वर पाच बिऱ्हाडे. मी आपला भिंतीवर कोठे लाल सिलिंडर टांगला आहे काय ते शोधत होतो. मामांनी खिशातून सेकंदकाट्याचे घड्याळ काढले होते.

"आगीचं एक घड्याळ असतं आणि माणसांचं एक," ते म्हणाले. "दोन्ही एकदम चालू होत नाहीत, हीच खरी भानगड आहे."

यांतील पहिल्या घड्याळाचे गणित शास्त्रज्ञांनी पुष्कळ बसवले आहे. पेटलेल्या वस्तूची उष्णता काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे स्थूलमानाने धरतात, म्हणजे वेळ दुप्पट झाला की आग चौपट. घरगुती शेगडीची एक कॉइल एक किलोवॅटची असते. अशा हजार शेगड्या एकदम पेटाव्यात इतकी उष्णता, म्हणजे सुमारे एक मेगावॅट, गाठायला मध्यम गतीच्या आगीला 300 सेकंद लागतात, जलद आगीला 150 आणि अतिजलद आगीला अवघे 75. छताखाली साचणारे वायू 500 ते 600 अंशांच्या घरात गेले की खोलीतील जे जे दाह्य ते जवळजवळ एकाच क्षणी पेट घेते. त्यानंतर त्या खोलीत कोणी वाचत नाही, बंबवालाही आत जात नाही. आणि इतके होईपर्यंत धुराने आपले काम बहुधा उरकलेले असते. कार्बन मोनॉक्साइडचे रक्तातील हिमोग्लोबिनशी सख्य प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक; त्यामुळे आगीत दगावणाऱ्यांपैकी पुष्कळांना ज्वाळेचा स्पर्शही झालेला नसतो. पंचनाम्यात 'गुदमरून' असा एक शब्द पडतो आणि त्या शब्दामागे जिन्याचे दार, खिडकीची जाळी, पोटमाळ्यावरची झोप असा केवढा तरी तपशील गडप होतो.

माणसांचे घड्याळ मात्र संथ. प्रथम कोणाला तरी वास यावा लागतो. मग तो शेजाऱ्याच्या फोडणीचा नव्हे अशी खातरजमा व्हावी लागते. मग दार उघडून पाहणे, पाहिलेले न पटणे, आतल्या माणसांना हाका मारणे, कागदपत्रांची पिशवी, देव्हाऱ्यातला टाक, म्हातारीचा चष्मा, आणि या सर्वांनंतर पहिले पाऊल. मामांचा अनुभव असा की लोकांना चालायला जेवढा वेळ लागतो त्याहून अधिक निघायचे ठरवायला लागतो. मोकळ्या जागेत मनुष्य सेकंदाला मीटरभर सहज चालतो. डोळे झोंबणाऱ्या धुरात, भिंतीला हात लावीत, तोच त्याच्या निम्म्याहूनही हळू सरपटतो. बाहेर पडण्याच्या वाटेची लांबी राहत्या पक्क्या इमारतीत 30 मीटरांपलीकडे नसावी आणि अतिधोक्याच्या उद्योगात 22.5 मीटरांपलीकडे नसावी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते त्याचे मूळ या चालीत आहे. पहिले घड्याळ वाजण्याआधी दुसरे वाजले पाहिजे, आणि मध्ये थोडी फुरसत शिल्लक राहिली पाहिजे. ती किती राहते हे पाहणे म्हणजेच जोखमीचे मोजमाप. कसब्यातील त्या वाड्यात बादल्यांच्या गोदामापासून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंतचे अंतर मामांनी पावलांनी मोजले. चार पावले भरली. घड्याळ त्यांनी पुन्हा खिशात घातले. ते चालू करण्याची गरजच पडली नाही.

गॅसच्या सिलिंडरचा हिशेब त्यांनी तेथेच, वरच्या बिऱ्हाडातल्या काकूंच्या चहावर, मला करून दाखवला. घरगुती सिलिंडरात 14.2 किलो वायू असतो. तो सारा गळला तर सहा घनमीटरांच्या आसपास पसरतो, आणि हवेत दोन टक्क्यांहूनही थोडा कमी मिसळला की ते मिश्रण पेट घेण्याजोगे होते. म्हणजे एका सिलिंडरातून सुमारे साडेतीनशे घनमीटर हवा स्फोटक होऊ शकते. दहा बाय बाराच्या दहा-अकरा खोल्या! शिवाय हा वायू हवेहून जड, त्यामुळे वरच्या झरोक्यातून निघून न जाता तो जमिनीलगत, उंबऱ्याखालून, जिन्याच्या पायऱ्यांवरून पाण्यासारखा खाली उतरतो. काकूंनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि सिलिंडर मोरीच्या कट्ट्याखालून काढून खिडकीपाशी ठेवायला मुलाला सांगितले. इतक्या तत्परतेने अंमलात आलेली सूचना आपण सरकारी इमारतीत एकदाही पाहिली नाही, असे मामा नंतर जिना उतरताना म्हणाले.

सरकारी इमारतींविषयी त्यांच्या या शेऱ्याला आधार आहे. 21 जून 2012 रोजी खुद्द मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर गेली आणि पाच माणसे मृत्युमुखी पडली. राज्यातील प्रत्येक इमारतीने काय तजवीज ठेवावी याचे फर्मान जेथून निघते, तेथलीच ही गोष्ट. कायदा नव्हता असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा. त्याचा अंमल 6 डिसेंबर 2008 पासून सुरू झालेला. कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरील उपाहारगृहांत 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर जे 14 जण गेले, त्यांतील बहुतेक धुराला भिऊन स्वच्छतागृहात शिरले होते आणि तेथेच गुदमरले. गच्चीवर बांबू आणि कापडाचे आच्छादन, म्हणजे अतिजलद आग. आणि बाहेरची वाट पाहुण्यांना अपरिचित, म्हणजे संथातले संथ घड्याळ. दोन्ही बाजूंनी वजाबाकी.

परंतु या वजाबाकीचे सर्वांत निर्दय रूप ज्यांना चालताच येत नाही अशांच्या बाबतीत दिसते, आणि त्या दृष्टीने 2021 हे साल महाराष्ट्राच्या दफ्तरात काळ्या शाईने लिहून ठेवण्याजोगे आहे. 9 जानेवारीच्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. सतरा बालकांपैकी सात वाचवता आली, दहा गेली. सगळ्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश तत्काळ निघाले. मार्च सरता सरता भांडुपच्या एका मॉलमधील रुग्णालय पेटले. 23 एप्रिलच्या पहाटे विरारच्या अतिदक्षता विभागात 13 रुग्ण गेले. आणि 6 नोव्हेंबरला, दिवाळी चालू असतानाच, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात त्या एका दिवसात 11. साथीचे वर्ष होते, यंत्रे अहोरात्र चालत होती, आणि खाटाखाटांशी सोडलेल्या प्राणवायूने खोलीच्या हवेतील त्याचे प्रमाण नेहमीच्या 21 टक्क्यांवरून थोडे जरी चढले तरी ठिणगीचा वणवा होण्याचा काळ झपाट्याने घटतो, ही सर्व कारणे खरी. पण अर्भकाचे घड्याळ चालूच होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असते. म्हणून रुग्णालयाची रचना करताना रुग्णांना जिन्याने खाली नेण्याचा विचार न करता त्याच मजल्यावर आगीला दोन तास थोपवील अशा दारापलीकडे खाट ढकलत नेण्याचा विचार करावा लागतो. हे दार बांधणीच्या वेळी बसवावे लागते. आदेश निघाल्यानंतर भिंतीवर टांगलेल्या लाल सिलिंडराने त्याची उणीव भरून निघत नाही, आणि आपल्या ऑडिटांत बहुधा सिलिंडरच मोजले जातात. एका कक्षात रात्री किती परिचारिका, किती बालके, आणि दारापर्यंत किती फेऱ्या, हा रकाना मी पाहिलेल्या एकाही तक्त्यात नव्हता.

माझ्या स्वतःच्या घराची गोष्ट सांगितल्याशिवाय इतरांना बोल लावणे बरे नव्हे. आमची इमारत अकरा मजल्यांची, बारा वर्षांपूर्वीची. वर सांगितलेल्या अधिनियमान्वये मालकाने वा भोगवटादाराने परवानाधारक अभिकरणाकडून तपासणी करवून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचा नमुना 'ब' चा दाखला द्यावयाचा असतो. आमच्या फलकावर तो शिरस्त्याबरहुकूम, शिक्क्यासह लावलेला होता. एका रविवारी मामांना वर नेले. त्यांनी अकराव्या मजल्यावरील लाल पेटी उघडली; होज होता, पण त्याच्या टोकाचे पितळी नोझल केव्हाच भंगारात गेले होते. व्हॉल्व्ह फिरवला, नळातून थोडी कुरकुर ऐकू आली, मग काहीच नाही. तळघरात पंपाच्या पॅनेलवरील चावी 'ऑटो' वर असावयाची ती 'मॅन्युअल' वर होती, आणि पंप चालवणाऱ्या माणसाची रविवारी सुट्टी. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली सचिवांकडे, सचिव मुलीकडे नाशिकला. जिन्यात सहाव्या मजल्यावर एक जुना सोफा, नवव्यावर सायकली आणि कुंड्या. हा सोफा आपला आहे असे सहाव्या मजल्यावरील चारही बिऱ्हाडांनी नाकारले. ज्या अभिकरणाने दाखला दिला त्याचा मनुष्य जुलैत आला होता काय, असे मी पहारेकऱ्याला विचारले. आला होता, असे तो म्हणाला. खाली खुर्चीवर बसला, चहा घेतला, सही करून गेला.

त्या दिवशी आम्ही अकराव्या मजल्यावरून खाली उतरून पाहिले. माझे वय अठ्ठावन्न. सोफा आणि कुंड्या चुकवीत मला पावणेचार मिनिटे लागली. शेजारच्या आजींनी हौसेने भाग घेतला, कठडा धरून, दर दोन मजल्यांनी थांबून. त्यांचे बारावे मिनिट सुरू झाले होते. लख्ख उजेडात, धुराविना.

कायद्याने जबाबदारी रहिवाशांवर टाकली ही गोष्ट तत्त्वतः योग्य आहे, असेच माझे मत आहे. प्रत्येक जिन्यावर सरकारचा कारकून उभा करता येणार नाही. पण ज्याची तपासणी करावयाची त्यानेच तपासनिसाला फी द्यायची, तपासनिसाने त्यालाच दाखला द्यायचा, आणि त्या दाखल्याची फेरतपासणी आग लागेपर्यंत कोणी करावयाची नाही, या व्यवस्थेला जोखमीचे मोजमाप म्हणणे म्हणजे हुंडी लिहिणाऱ्याच्या हातीच तराजू देणे होय.

दर वर्षी 14 एप्रिलपासून आठवडाभर देशातील अग्निशमन दले अग्निसुरक्षा सप्ताह पाळतात. ही तारीख मुंबईने देशाला दिली. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या 8,700 गाठी, तेलाची पिंपे, लाकूड, आणि पेट्यांत बंद केलेल्या सोन्याच्या विटा. दुसऱ्या क्रमांकाच्या खणात खाली कापूस आणि वर स्फोटके. कापसाच्या गाठीला लागलेली आग ही आगींतली कपटी आग. ज्वाळा नाही, गाठीच्या आत तासन् तास धुमसणे, वरून ओतलेले पाणी आत न शिरणे. दुपारी धूर दिसला. बंब आले, पाणी मारले गेले, जहाज गोदीतून बाहेर काढावे की तेथेच बुडवावे यावर वेगवेगळ्या अधिकाऱ्यांचा खल झाला, आणि कोणाचाही एकट्याचा अधिकार पुरेसा ठरला नाही. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात गेले. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली, आणि सोन्याची एक वीट मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली.

औद्योगिक जोखमीचे सारे शास्त्र या एका खणात भरलेले आहे. कापूस आपल्या जागी धोकादायक नाही असे नाही, पण त्याची ओळख जुनी आहे, दारूगोळ्याचीही आहे. त्यांचे शेजार मात्र कोणत्याच यादीत एकत्र लिहिलेले नसते. 29 ऑक्टोबर 2009 च्या संध्याकाळी जयपूरजवळील सीतापुरा येथील तेलकोठारात असेच झाले: टाकीतून पेट्रोल दुसरीकडे वळवताना गळती झाली, वाफेचा ढग जमिनीलगत पसरत गेला, कोठेतरी त्याला ठिणगी भेटली, आणि नंतर टाक्या अकरा दिवस जळत होत्या. त्या कोठारात नकाशे, नियमावल्या, प्रशिक्षित माणसे सारे काही होते. जेथे यांपैकी काहीच नाही तेथली कथा निराळी सांगायला नको. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत तळवडे येथे 8 डिसेंबर 2023 रोजी वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्यांसारख्या मेणबत्त्या बनवणारी एक पत्र्याची शेड पेटली आणि सहा कामगार स्त्रिया त्याच दिवशी गेल्या. त्या कारखान्याला परवाना नव्हता. सबब त्याची तपासणी कधी झाली नव्हती. सबब कोणत्याही अहवालात त्याची जोखीम शून्य होती.

मामांची सद्दी शहराच्या हद्दीपाशी संपते. वणव्याविषयी मी मुळशी-भोरच्या बाजूस जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. होळीच्या सुमारास सह्याद्रीच्या उतारांवरील गवत वाळून कोळ झालेले असते आणि ते जाळले म्हणजे पुढल्या पावसात चारा जोमाने येतो, ही समजूत डोंगरात खोलवर रुजलेली आहे. विदर्भात मोहफुले वेचायला झाडाखालची पाने जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही काडी लावतात. वनखात्याने 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम ठरवून दिला आहे; त्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवताचे पट्टे आपणच आधी जाळून घेऊन पुढल्या आगीला उपाशी ठेवायचे. तेथेही मोजायचे तेच: जळण किती, वाळलेले किती, वारा कोणता आणि उतार केवढा. आग चढावर धावते. उतार दर दहा अंशांनी चढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे तीस अंशांच्या कड्यावर आठपट. सपाटीवर पोराने पायाने विझवली असती अशी आग डोंगराच्या अंगावर घोड्यासारखी उधळते. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहांनी टिपलेल्या आगीचा निरोप आता थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो, ही मोठीच सोय झाली. पण उपग्रह ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. दुपारी चारला लावलेली काडी त्याला रात्री दिसते, आणि तोवर वनरक्षकाला गावातूनच कोणी तरी फोन केलेला असतो. मला भेटलेल्या वनरक्षकाने पाठीवरच्या ब्लोअरकडे बोट दाखवून सांगितले, की यंत्र चांगले आहे, पण त्याच्याहून अधिक आगी गावच्या एका गुराख्याने विझवल्या आहेत, कारण तो तेथेच असतो.

परतल्यावर हे मी मामांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी काळबादेवीचा विषय काढला. 9 मे 2015 रोजी तेथील गोकुळ निवास या जुन्या, लाकडी सांगाड्याच्या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर निघाले. म्हणजे दोन घड्याळांची शर्यत, आगीची आणि माणसांची, त्या दिवशी माणसांनी जिंकली होती. पण इमारतीचे स्वतःचे एक तिसरे घड्याळ असते. लाकडी तुळई बाहेरून कोळसा होत आत बारीक होत जाते आणि किती बारीक झाल्यावर ती भार सोडील याचा अदमास धुरातून बाहेर उभे राहून घ्यावा लागतो. लोखंडाची तुळई साडेपाचशे-सहाशे अंशांच्या सुमारास आपले निम्मे बळ गमावते आणि तसे होताना आवाजही करीत नाही. त्या संध्याकाळी इमारत कोसळली ती अधिकाऱ्यांच्या अंगावर. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन आणि त्यांचे आणखी दोन सहकारी त्या आगीने नेले. नेसरीकरांनी 24 मे रोजी प्राण सोडला. ज्यांना या विद्येचा सर्वांत अधिक अनुभव होता अशी ही माणसे होती.

"वर्दी आली की आम्ही निघतो," मामा म्हणाले, "पण पोहोचेपर्यंत जे व्हायचं ते तुमच्या जिन्यात झालेलं असतं. हे तेवढं लिहा."

लिहिले. आमच्या इमारतीचे नोझल नवे आले, पंपाची चावी 'ऑटो' वर गेली, सोफ्याला अखेर मालक सापडला. गच्चीच्या कुलपाचा प्रश्न सर्वसाधारण सभेत तीनदा तहकूब झाला आहे. चोरांची भीती आगीच्या भीतीहून अधिक मतांनी पडते. वाचकांना एकच विनंती आहे. दिवाळीत आकाशकंदील टांगायला आणि पणत्या मांडायला तुम्ही गच्चीवर जालच. या खेपेस लिफ्टने न जाता जिन्याने जा, घरातील सर्वांत वडील माणसाला बरोबर घ्या, किती मिनिटे लागली ते पाहा, आणि वर दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणाच्या घरी आहे ते त्याच दिवशी विचारून ठेवा.